फिनलंडचा ऑगस्ट : रात्र परत येते तेव्हा

२०१७ सालचा रमजान मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाला होता. माझी मुलगी लग्न होऊन फिनलंडला गेली, त्याला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. तिसऱ्या की चौथ्या रोज्याला तिचा फोन आला. म्हणाली, "अम्मी, इथे रात्रच होत नाही गं. मगरिब होते साडेदहाला. मग इशा कधी पढू, सहरी कधी करू आणि झोपू कधी?"

मी चिपळूणला आमच्या घरी नुकतीच तरावीह पढून बसले होते. दिवसभराचा शीण होता. मी तिला म्हणाले, "घड्याळ आहे ना घरात? घड्याळ बघ आणि पढ. बहाणे कशाला सांगतेस?"

ती गप्प झाली. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. फोन येत राहिले, दर दोन-तीन वर्षांनी ती माहेरीही येऊन गेली. पण नमाजच्या वेळांचा विषय निघाला की ती बोलणे दुसरीकडे वळवायची. मला वाटले, तिचे आता जमले असेल.

गेल्या ऑगस्टमध्ये मी आणि तिचे अब्बा पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो. हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात ती राहते. आम्ही पाच आठवडे होतो. आता आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुले-मुली नोकरीनिमित्त उत्तरेकडच्या देशांत आहेत आणि आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे जातात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. त्या फोनचे पुढे काय झाले, तेही शेवटी सांगते.

उन्हाळा म्हणजे कसला उन्हाळा

आम्ही निघालो तेव्हा कोकणात पाऊस कोसळत होता. भाताची लावणी उरकून शेते हिरवीगार झाली होती. हेलसिंकीत उतरलो तर स्वच्छ ऊन, पण अंगाला गार वारा. जावई टी-शर्टमध्ये न्यायला आले होते आणि आम्ही दोघे शाल पांघरून उभे!

ऑगस्टमध्ये तिथे दुपारी साधारण वीस अंशांच्या आसपास तापमान असते. कधी चार-पाच दिवस पंचविसापर्यंत जाते. पहाटे दहा-बारावर येते आणि महिना सरता सरता त्याहून खाली. आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्याची आठवण होते. पाऊस आपल्यासारखा धो-धो नसतो. भुरभुर येतो आणि जातो, पण केव्हाही येतो. म्हणून जाड गरम कोट नेऊन बॅग भरू नका. सुती कपड्यांवर एक स्वेटर आणि त्यावर पाणी-वारा अडवणारे पातळ जॅकेट, एवढे पुरते. दिवसभरात तीनदा काढा, तीनदा घाला. बंद बूट मात्र हवेतच. चपलांवर आमच्या ह्यांनी एक दिवस काढला, दुसऱ्या दिवशी निमूटपणे दुकानात आले.

फिनलंड शेंगेन देशांपैकी आहे. भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो आणि त्यासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. वयस्क माणसांनी विमा घेताना जुन्या आजारांचे कलम नीट वाचावे. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्याव्यात. उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, त्यामुळे घरी फोन करायला सोयीचे पडते.

रोज पाच मिनिटे

लोक या देशात मध्यरात्रीचा सूर्य पाहायला जूनमध्ये जातात. तो सूर्य अगदी उत्तरेला, लॅपलंडमध्ये असतो. हेलसिंकीत जूनमध्येही सूर्य मावळतो, पण रात्री अकराच्या सुमारास मावळून पहाटे चारला परत हजर होतो आणि मधल्या वेळात आभाळ काळे होतच नाही. ऑगस्टची मजा निराळी आहे. ऑगस्टमध्ये दिवस तुमच्या डोळ्यांदेखत लहान होतो.

एक ऑगस्टला हेलसिंकीत सूर्य पहाटे पाचला उगवतो आणि रात्री दहाला दहा मिनिटे कमी असताना मावळतो. एकतीस ऑगस्टला तो सव्वासहाला उगवतो आणि साडेआठला मावळतो. म्हणजे एका महिन्यात दिवस अडीच तासांहून जास्त आटतो. दररोज पाच मिनिटांचा फरक! आपल्याकडे मगरिबची वेळ महिनाभरात वीस-पंचवीस मिनिटे हलली तरी आपल्याला जाणवते. तिथे तीन दिवसांत दिवसच पाव तासाने आटतो. मशिदीचे वेळापत्रक फ्रिजवर लावलेले होते आणि मी रोज त्याच्याकडे बघत असे, कारण कालची वेळ आज उपयोगाची नसे.

झोपेचे मात्र आधीच सांगून ठेवते. पहिला आठवडा आम्हाला झोप नाही. रात्री दहालाही उजेड, मग पापणी मिटणार कशी? तिथल्या घरांत जाड काळे पडदे असतात, ते ओढायचे. डोळ्यांवर बांधायची पट्टी बरोबर असली तर उत्तम. आणि घड्याळ बघून जेवायचे, आभाळ बघून नाही. नाहीतर रात्रीचे जेवण अकराला होते आणि पोट बिघडते.

किब्ला आणि इशा

आपण कोकणातली माणसे समुद्राकडे तोंड करून नमाज पढतो. लहानपणापासून किब्ला म्हणजे पश्चिम हे अंगात भिनलेले. फिनलंडमध्ये मक्का शरीफ दक्षिणेला आहे, किंचित पूर्वेकडे कललेले. मी पहिल्या दिवशी मावळतीकडे मुसल्ला अंथरला, तर सात वर्षांच्या नातवाने येऊन तो फिरवला. म्हणाला, "नानी, इकडे." जुहरची वेळ दुपारी जवळपास दीडला होते, कारण तिथे सूर्य डोक्यावर नव्हे, पण त्याच्या सर्वात उंच जागी तेव्हा येतो. तोही आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या सूर्यापेक्षा खाली.

खरा प्रश्न इशाचा. सूर्य मावळल्यावर आभाळात जो लाल-पांढरा उजेड राहतो, तो गेला की इशाची वेळ होते. हिशेब करणारे लोक सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश गेला की पूर्ण रात्र धरतात. हेलसिंकीत एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य अठरा अंश खाली जातच नाही. मग इशा कधी? म्हणूनच मोबाइलमधल्या दोन अॅपवर इशाच्या दोन वेळा दिसतात आणि त्यांत तास-तासाचे अंतर असते. चूक अॅपची नसते, हिशेबाची पद्धत वेगळी असते.

हा प्रश्न आजचा नाही. हिजरी चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे इसवी सन ९२१ मध्ये, खलिफा मुक्तदिर यांनी बगदादहून व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांकडे एक शिष्टमंडळ पाठवले होते. त्यात इब्न फदलान नावाचे गृहस्थ होते. त्यांनी प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिथल्या मुअज्जिनने त्यांना सांगितले होते, की आम्ही इशा मगरिबबरोबरच पढतो. उन्हाळ्यातली रात्र इतकी छोटी, की मगरिबला चुलीवर चढवलेले भांडे फजरपर्यंत शिजत नाही. फजर चुकेल या भीतीने आपण महिनाभर झोपलो नाही, असेही तो म्हणाला होता. अकराशे वर्षांपूर्वीचा तो मुअज्जिन आणि २०१७ सालची माझी मुलगी यांची तक्रार एकच होती. फरक इतकाच, की बगदादच्या पाहुण्याने त्याचे ऐकून घेतले आणि लिहून ठेवले.

आलिमांनी यावर विचार केलेला आहे. दज्जालच्या काळात एक दिवस वर्षाएवढा असेल, असे रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितले, तेव्हा सहाबांनी विचारले होते, की त्या दिवशी एकाच दिवसाच्या नमाज पुरतील का. त्यावर वेळेचा अंदाज करून नमाज पढायला सांगितले गेले, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. त्याच आधारावर कुणी जवळच्या अशा शहराची वेळ धरतात जिथे रात्र होते, कुणी रात्रीचे भाग करून वेळ ठरवतात, कुणी मगरिब आणि इशा एकत्र पढण्याची सवलत देतात. पाहुण्यांनी तिथे जाऊन नवा वाद काढू नये. मुले ज्या मशिदीत जातात तिचे वेळापत्रक पाळावे आणि शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारावे. कस्रचेही विचारून घ्यावे. आम्ही पाच आठवडे राहणार म्हणून घरी मुसाफिर नव्हतो, नमाज पूर्णच पढत होतो. आठवडाभराच्या प्रवाशाला मात्र शाफई आणि हनफी मसल्यांत फरक पडतो. आणि आपल्याकडे तर एकाच घरात सासर हनफी आणि माहेर शाफई असते!

लिटरने मिळणारी फळे

ऑगस्ट म्हणजे तिथला सुगीचा महिना. हेलसिंकीत समुद्राला लागूनच बाजारचौक आहे. तिथे मटारच्या शेंगा, स्ट्रॉबेरी आणि जंगली बोरे किलोने नाही, लिटरने विकतात. मापाचे भांडे भरायचे आणि पिशवीत ओतायचे. मला माझ्या सासूबाईंच्या पायली-शेराच्या मापांची आठवण झाली. मटार लोक तिथेच उभे राहून कच्चे सोलून खातात. नवे बटाटे आणि शेपू यांची जोडी घरोघर असते. आपण शेपूची भाजी म्हटली की मुले नाक मुरडतात. तिथे बटाट्यावर शेपू, माशावर शेपू, सूपमध्ये शेपू!

पण खरी गोष्ट बाजारात नाही, जंगलात आहे. फिनलंडमध्ये एक जुना हक्क आहे, त्याला 'प्रत्येकाचा हक्क' म्हणतात. जमीन कुणाच्याही मालकीची असो, तुम्ही जंगलातून चालू शकता, बोरे वेचू शकता, आळंबी गोळा करू शकता. देशी-परदेशी असा भेद नाही. मात्र कुणाच्या घराच्या अंगणात शिरायचे नाही, पिकात पाय घालायचा नाही, झाड मोडायचे नाही आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय विस्तव पेटवायचा नाही. कचरा तर नाहीच.

एस्पोत नुउक्सिओ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. बसने जाता येते. पाइन आणि स्प्रूसची उंच झाडे, मधे तळी आणि पायाखाली गुडघ्याएवढी झुडपे. त्या झुडपांना मुस्तिक्का लागलेल्या असतात. दुकानातल्या मोठ्या ब्लूबेरीची ही जंगली बहीण. आकाराने वाटाण्याएवढी, आतून जांभळी. खाल्ली की आपल्या जांभळासारखी जीभ रंगते. आम्ही तासाभरात डबा भरला. नातवाने जीभ काढून दाखवली, मग त्याच्या नानांनीही दाखवली. लाल आंबट पुओलुक्का ऑगस्टच्या अखेरीस पिकू लागते. उत्तरेच्या दलदलीत पिवळी हिल्ला मिळते, ती ऑगस्टच्या सुरुवातीलाच संपत येते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आळंबी ओळखता येत नसेल तर हात लावू नका. आपल्या रानात पावसाळ्यात येणाऱ्या आळंबीसारखी दिसणारी पांढरी आळंबी तिथे आहे, ती जीवघेणी विषारी आहे. दोन, गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून वाईट आजार होतात. पायघोळ सलवार मोज्यांत खोचायची आणि घरी आल्यावर मुलांचे अंग तपासायचे. तीन, डासांचा जोर ऑगस्टमध्ये ओसरलेला असतो, पण मूस नावाच्या मोठ्या हरणांवर जगणारी एक माशी याच दिवसांत जंगलात निघते. ती अंगावर बसली की पंख टाकते आणि केसांत शिरते. माझ्या डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली होती, मला काहीच झाले नाही. आमच्या ह्यांच्या केसांतून मुलीने चार माश्या काढल्या. त्यानंतर जंगलात जाताना ते न सांगता टोपी घालू लागले.

ताट, मोरी आणि सौना

हलाल खाण्याची मला मोठी काळजी होती. ती निम्मी व्यर्थ ठरली. हेलसिंकीच्या पूर्वेला इटाकेस्कुस भागात पुहोस नावाचे जुने बाजारसंकुल आहे. तिथे सोमाली, अरब, तुर्की लोकांची दुकाने आहेत. एस्पोहून मेट्रोत बसले की थेट इटाकेस्कुसला उतरता येते. हलाल मटण, बासमती, मसूर, कोथिंबीर सगळे मिळते. बाहेर जेवायचे असेल तर मासे आहेतच. दुधातले रावस, अर्थात सॅमन, बटाटा आणि शेपू घातलेले सूप आम्हाला फार आवडले. मुइक्कू नावाचे बोटभर मासे पिठात घोळवून तळतात. मांदेली तळल्याचीच चव. करेलियन पिरक्का म्हणून राईच्या पारीत भाताची खीर भरलेला पदार्थ असतो. भात खाल्ल्याशिवाय ज्यांचे जेवण होत नाही, त्यांनी तो बघावा.

पाकिटावरचे दोन शब्द पाठ करा. 'सिआनलिहा' म्हणजे डुकराचे मांस आणि 'लीवाते' म्हणजे जिलेटिन. मुलांच्या गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत लीवाते असते. रेनडिअरचे मांस तिथे प्रसिद्ध आहे. प्राणी म्हणून तो हरणाच्या जातीचाच, पण जबिहा कसा झाला हे विचारल्याशिवाय खाऊ नये. जुलैच्या अखेरपासून गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडांचा हंगाम असतो आणि ऑगस्टभर त्यांच्या मेजवान्या चालतात. त्या मेजवान्यांत दारू असतेच, म्हणून मुलगी-जावई जात नाहीत. शेजाऱ्यांनी बोलावले तर ते आदल्या दिवशी समोशांचे ताट नेऊन देतात आणि नम्रपणे कारण सांगतात. शेजारी राग मानत नाहीत.

एक गोष्ट आपल्या बायका विचारतात आणि लाजून हळू विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. फिनलंडच्या बहुतेक घरांत संडासजवळ पाण्याचा हाताने धरायचा फवारा असतो. युरोपात पाण्यावाचून हाल होतात, असे ऐकून मी बॅगेत प्लास्टिकचा लोटा नेला होता. तो तसाच परत आला. नळाचे पाणीही थेट पिण्याजोगे आहे. बाटल्या विकत घेऊ नका.

सौना म्हणजे गरम वाफेची खोली. ती त्या लोकांच्या जिवाभावाची गोष्ट. सार्वजनिक सौनात पुरुष-बायका वेगळे बसतात, पण कपडे न घालता. आपल्याला ते चालण्यासारखे नाही. मुलीच्या इमारतीत सामाईक सौना आहे आणि प्रत्येक कुटुंबाला आठवड्यातला एक तास ठरवून मिळतो. त्या तासात आम्ही मायलेकी सत्र सांभाळून बसलो. गुडघ्यांना फार बरे वाटले. तिचे अब्बा पाच मिनिटांत बाहेर आले; म्हणाले, "मे महिना चिपळूणला फुकट मिळतो."

दप्तराला लटकवलेला तारा

आपल्याला वाटते सप्टेंबरपर्यंत उन्हाळी सुट्टी असेल. तसे नाही. फिनलंडमध्ये शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात. त्यानंतर पर्यटनाच्या बऱ्याच ठिकाणांच्या वेळा कमी होतात, काही बोटी बंद होतात. गर्दी नको असेल तर हे दिवस चांगले. सगळे उघडे हवे असेल तर आधी चौकशी करून जावे.

नातू यंदा पहिलीत गेला. तिथे सातव्या वर्षी पहिली. शाळेत दुपारचे गरम जेवण सर्व मुलांना मोफत मिळते, ही पद्धत १९४८ पासून आहे. डुकराचे मांस न खाणाऱ्या मुलांना वेगळे ताट मिळते, फक्त आधी कळवावे लागते. दुसरी गोष्ट ऐकून मी चकित झाले. सरकारी शाळेत मुलाला त्याच्या स्वतःच्या धर्माचा विषय शिकवला जातो. एका नगरपालिकेत तीन मुलांच्या पालकांनी जरी मागणी केली तरी सोय करावी लागते. नातवाच्या वेळापत्रकात गणित, फिनिश आणि इस्लाम असे तीन शब्द एकाखाली एक होते. घरातले संस्कार घरानेच करायचे असतात, हे खरे. तरी त्या कागदाने माझ्या मनावरचे एक ओझे उतरवले.

त्याच्या दप्तराला एक चमकता तारा लटकत होता. मला ते खेळणे वाटले. मुलगी म्हणाली, "अम्मी, हे हेइयास्तिन. गाडीच्या दिव्यात चमकतं. आता काळोख सुरू होईल ना, मग अंधारात चालणाऱ्यांनी हे लावायचं असा इथला कायदा आहे." बाहेर रात्री नऊलाही लख्ख उजेड होता आणि लोक काळोखाची तयारी करत होते.

यार्वेनपाची लाकडी मशीद

एका रविवारी आम्ही हेलसिंकीहून लोकल गाडीने यार्वेनपा गावाला गेलो. तिथे १९४२ मध्ये तातार मुसलमानांनी बांधलेली एक लाकडी मशीद आहे. घरांच्या मधे उभी असलेली छोटीशी इमारत. दार बंद होते. ती मशीद तातार जमातीची आहे, आत जायचे तर आधी विचारावे लागते आणि आम्ही विचारले नव्हते. आम्ही बाहेरूनच पाहिली.

हे तातार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रशियातल्या व्होल्गाकाठच्या गावांतून कापड आणि लोकरी-कातडी मालाचा व्यापार करत आले. फेरीवाल्यांसारखे गावोगाव फिरले, मग स्थिरावले. १९२३ मध्ये तिथे धर्मस्वातंत्र्याचा कायदा लागू झाला आणि १९२५ मध्ये त्यांची जमात सरकारदरबारी नोंदली गेली. आज ती काही शेकड्यांचीच जमात आहे, पण तिने आपली भाषाही राखली आणि नमाजही. व्होल्गाकाठचे ते खोरे म्हणजे इब्न फदलान जिथे गेले होते तोच मुलूख. न शिजणाऱ्या भांड्याचा किस्सा सांगणाऱ्या माणसाच्या मुलखातून हे लोक आणखी उत्तरेला आले आणि याही छोट्या रात्रींत शंभर वर्षांहून अधिक काळ नमाज पढत राहिले.

परत येताना गाडीत मी मुलीला हे सगळे बोलून दाखवले. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "पहिल्या वर्षी मला यातलं काहीच माहीत नव्हतं, अम्मी."

अंधार

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला. बर्च झाडांवर एखाद-दुसरे पिवळे पान दिसू लागले. उत्तरेला लॅपलंडमध्ये याच दिवसांत रात्री पुरेशा काळ्या होतात आणि आभाळ स्वच्छ असेल तर हिरवा उत्तरप्रकाश दिसू शकतो. झाडांचे रंग तिथे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भरात येतात. ज्यांना दोन्ही पाहायचे असेल त्यांनी तिकिटे तशी काढावीत. आम्ही तेवढा लांबचा प्रवास केला नाही. आम्हाला जे पाहायचे होते ते मुलीच्या बाल्कनीत आले.

निघायच्या आदल्या रात्री सगळे झोपले होते. साडेअकरा वाजले होते. मी बाल्कनीत गेले आणि पाहते तर आभाळ काळे. पश्चिमेची लाली गेलेली, उत्तरेची फिकट पट्टीही गेलेली. झाडांच्या वर तारे होते. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी पूर्ण रात्र पाहत होते. साठ वर्षे रोज रात्र पाहिली, पण ती नेमत आहे हे कधी मनात आले नव्हते. कुरआनात रात्र आणि दिवस या दोन्हींना अल्लाहच्या निशाण्या म्हटले आहे. मी आजवर फक्त दिवसाकडेच बघत आले होते.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. मी तिला विचारले, "त्या पहिल्या रमजानला तू फोन केला होतास, आठवतं?"

"आठवतं."

"मग काय केलंस?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वेळ तर मला मशिदीतल्या एका सोमाली खालांनी सांगितली. वेळ विचारायला मी तुला फोन केलाच नव्हता, अम्मी. वीस-वीस तासांचा रोजा, झोप नाही, घरात मी एकटी. मला वाटायचं, माझाच ईमान कमी पडतोय. तू फक्त म्हणायला हवं होतंस, की हो बेटा, कठीण आहे."

मला आठ वर्षांपूर्वीची ती रात्र आठवली. चिपळूणला आठ वाजता अंधार झालेला, पंखा चालू, अजान झाली, तरावीह झाली, सगळे आपोआप. त्या अंधारात बसून मी तिला घड्याळ बघायला सांगितले होते.

मी म्हणाले, "मी चुकले बेटा. मला माहीतच नव्हतं, आणि मी विचारलंही नाही."

तिने माझा हात धरला. म्हणाली, "वजू आहे ना तुझी? चल, इशाची वेळ झाली. आज आभाळ बघून पढू."

आम्ही दक्षिणेकडे मुसल्ले अंथरले.

जाणाऱ्यांना एवढेच सांगते. स्वेटर न्या, बंद बूट न्या, लोटा नका नेऊ. येताना वाळवलेली मुस्तिक्का आणा, नेताना गोडा मसाला, कोकम आणि सुका जवळा न्या. पण विमानतळाचे नियम आधी पाहा, युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आणि ज्यांना जाणे जमत नाही त्यांनी आपल्या मुलांचा फोन आला की नमाज पढलास का, हे जरूर विचारावे. पण त्याआधी तिकडे रात्र झाली का, हेही विचारावे.

अल्लाह परमुलखातल्या आपल्या मुलाबाळांचा ईमान आणि आपल्या जिभांचा नरमपणा सलामत ठेवो. आमीन.